पोटखराबातून वाहणारी नदी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात झालेले भाषण. वक्ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले असून आपल्या संस्थेचे सभासद आहेत. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



संस्थेचा पंचवीस वर्षांचा इतिहास सचिवांनी अहवालात चोख मांडला आहे, तो मी पुन्हा सांगत नाही. मला विषय दिला आहे ‘नागझिरा आणि आपण’. विषय देणाऱ्यांना बहुधा वाघाच्या गोष्टी ऐकायच्या असतील. पण मी जंगलखात्याचा माणूस नाही, मी मोजणीवाला. आधी साखळी आणि प्लेन टेबल, शेवटच्या काही वर्षांत जीपीएसचं रोव्हर, एवढ्या सामानावर माझी नोकरी झाली. म्हणून मी वाघाबद्दल कमी आणि जमिनीबद्दल जास्त बोलणार आहे. जमिनीचं बोलता बोलता वाघही येईल, नदीही येईल आणि शेवटी आपल्या इमारतीमागचा नालाही येईल. नाल्याचं नाव काढल्याबरोबर काही चेहरे गंभीर झाले, ते मला इथून दिसतंय. येत्या सर्वसाधारण सभेत तो विषय आहे, त्यामुळे आजच थोडं बोलून घेऊ.

एक योगायोग आधी सांगतो. १ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्याचं विभाजन होऊन आपला गोंदिया जिल्हा झाला आणि त्याच वर्षी आपली संस्था नोंदली गेली. जिल्हा आणि संस्था एकाच वयाचे. या पंचवीस वर्षांत शहर किती वाढलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. पूर्वी जिथे धानाच्या बांध्या होत्या, तिथे आज ले-आउट आहेत. आपली इमारतही एका बांधीतच उभी आहे. त्यामुळे बांधकामच नको असं म्हणायला मी उभा नाही. घर सगळ्यांनाच लागतं. प्रश्न इतकाच आहे की ते कुठे उठावं आणि कुठे उठू नये, आणि हे ठरवतं कोण.

नावातलं पाणी

नागझिऱ्याला जाणाऱ्या दारांची नावं आठवा. पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी. आणि खुद्द नागझिरा. झिरा आणि झरी. आपल्या पूर्वजांनी गावांना नावं देताना पाणी कुठे फुटतं ते नोंदवून ठेवलं आहे. कुठल्याही सरकारी नकाशाच्या आधीचा हा नकाशा आहे.

नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं, साधारण १५३ चौरस किलोमीटरचं. पुढे १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं. मग नवीन नागझिरा, नवेगाव आणि कोका ही अभयारण्यं आली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये या पाचही तुकड्यांचा मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. त्याचं गाभा क्षेत्र सुमारे ६५६ चौरस किलोमीटर. ऐकायला मोठं वाटतं. पण मी ‘तुकडे’ हा शब्द मुद्दाम वापरला. हे एकसंध जंगल नाही. नागझिरा वर, नवेगाव खाली, आणि मधून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, जुना क्रमांक ६ आणि नवा ५३. मध्ये गावं आहेत, धानाची शेती आहे, मामा तलाव आहेत, बोड्या आहेत. वाघाला, बिबट्याला, रानगव्याला एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर या मधल्या शिवारातूनच जावं लागतं. या वाटेला सरकारी भाषेत भ्रमणमार्ग म्हणतात, आपण सगळे कॉरिडॉर म्हणतो.

आणि जनावर चालतं कुठून? भर बांधीतून चालत नाही. ते नाल्याच्या कडेने चालतं. तिथे अर्जुन, जांभूळ, उंबर, बांबू यांची सावली असते, लपायला जागा असते, प्यायला पाणी असतं. चुलबंद नदी घ्या. गोरेगावकडच्या डोंगरात उगम पावते, सडक अर्जुनी, साकोली, लाखांदूर करत वैनगंगेला मिळते. तिला येऊन मिळणारे शेकडो नाले म्हणजे या जंगलाच्या गल्ल्या आहेत. म्हणून मी म्हणतो, आपल्या जिल्ह्यात नदीचा पट्टा आणि वाघाची वाट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एक बुजवली की दुसरी आपोआप बुजते.

‘जय’ नावाचा वाघ तुम्हाला आठवत असेल. नागझिऱ्यात जन्मला आणि २०१३ मध्ये शंभराहून जास्त किलोमीटर चालून उमरेड-करांडल्याला पोचला. नकाशा पाहा, मध्ये महामार्ग आहे आणि वैनगंगा आहे. त्याला कोणी वाट दाखवली नव्हती. वाट होती म्हणून तो गेला. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, ती वेगळी आणि दुःखाची गोष्ट. पण तो गेला यावरून एक कळतं, २०१३ मध्ये ती वाट उघडी होती. पुढच्या पंचवीस वर्षांत ती उघडी राहील का, हा माझा आजचा प्रश्न आहे.

‘खराब’ कशाला म्हणतात

आता माझ्या खात्याचा एक शब्द सांगतो. सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ नावाचा एक रकाना असतो. तुमच्यापैकी ज्यांची गावी शेती आहे त्यांनी तो पाहिला असेल. पोटखराबाचे दोन वर्ग. ‘अ’ म्हणजे लागवडीला अयोग्य, खडकाळ वगैरे. ‘ब’ म्हणजे रस्ता, पायवाट, नाला, तलाव, म्हणजे जी जागा सार्वजनिक कामाची आहे आणि म्हणून जिच्यावर शेतसारा बसत नाही.

गंमत बघा. नाला वाहतो, त्याच्या काठावर झाडं उभी आहेत, त्यातून पाणी जमिनीत मुरतं, त्याच्या कडेने जनावर चालतं. आणि कागदावर त्याचं नाव काय? खराब! त्या काळच्या महसुली हिशोबात ते बरोबरच होतं. ज्यातून सारा मिळत नाही ते खराब. पण आज आपण प्लॉट घ्यायला जातो, एजंट सांगतो, ‘काकाजी, एवढा पोटखराब आहे, तो भरून सरळ करून देऊ, तुम्हाला आयताकार प्लॉट मिळेल.’ आपणही खूश होतो. त्या क्षणी एक नाला मरतो. मी मोजणीला गेलो तेव्हा कित्येक ठिकाणी जुन्या नकाशात नाला ठळक दिसायचा आणि जागेवर गेलं तर मुरूम टाकून सपाट केलेलं मैदान. पाणी मात्र जुना नकाशा विसरत नाही. पावसाळ्यात ते बरोब्बर त्याच जागेवरून येतं, फक्त आता ते कोणाच्या तरी हॉलमधून जातं.

दुसरा शब्द ‘झुडपी जंगल’. हा खास आपल्या पूर्व विदर्भाचा. जुन्या महसुली नोंदीत मोठ्या झाडांचं जंगल, छोट्या झाडांचं जंगल, झुडपी जंगल असे प्रकार आहेत. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानंतर, सरकारी नोंदीत जी जमीन जंगल म्हणून लिहिली आहे तिच्यावर वनसंवर्धन कायदा लागू होतो, मग तिथे आज चार झुडपं असोत की नसोत. त्यामुळे ‘इथे तर झाडच नाही, जंगल कसलं’ असं जो म्हणतो त्याच्यावर विसंबू नका. जंगल आहे की नाही ते आधी नोंद ठरवते, डोळा नंतर.

नियम कोण करतं, कोण पाळतं

आपल्याला वाटतं, वाघ केंद्राचा विषय, नदी राज्याचा विषय, आपला काय संबंध? म्हणून थोडं खोलात जातो.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं. कायदा सांगतो की व्याघ्रप्रकल्प आणि दोन व्याघ्रप्रकल्पांना जोडणारे भाग जंगलाला न झेपणाऱ्या कामासाठी वळवता येणार नाहीत. वळवायचेच असतील तर लोकहिताचं कारण, प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी हवी. २०१४ मध्ये देशातले असे ३२ प्रमुख भ्रमणमार्ग नकाशावर मांडले गेले. कान्हा, नवेगाव-नागझिरा, ताडोबा, इंद्रावती यांना जोडणारा मार्ग त्यांत आहे. म्हणजे आपण ज्या रस्त्याने देवरीला लग्नाला जातो, तो देशाच्या नकाशावरचा महत्त्वाचा पट्टा ओलांडतो.

मोठ्या कामाला या कायद्याचा धाक असतो. पेंचमधून जाणाऱ्या महामार्ग ४४ ला महाराष्ट्राच्या बाजूने जनावरांसाठी खालून नऊ मोकळ्या वाटा ठेवाव्या लागल्या. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले आणि वाघासकट अनेक प्राणी त्या पुलांखालून जाताना टिपले गेले. जागा ठेवली तर जनावर ती वापरतं, हे सिद्ध झालं. जिथे जागा नाही तिथे काय होतं तेही आपण पाहिलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीच्या धडकेने वाघ गेला. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर आला असेल. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या भागातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या होत्या. इकडे वाघ आणून सोडायचे आणि तिकडे त्यांच्या वाटेवर त्यांना मारायचं, हा हिशोब कोणत्या वहीत बसतो?

पण रस्ता एक असतो. त्याला अट घालता येते, न्यायालयात जाता येतं. माझा मुद्दा लहान कामांचा आहे. एका शेतकऱ्याची नाल्याकाठची एक एकर जमीन विकली जाते, तिचे तुकडे पडतात, कुंपण येतं, बोअर येतो, रात्रभर दिवे लागतात. हा अर्ज दिल्लीच्या कुठल्या मंडळापुढे जात नाही. तो पटवाऱ्याकडे, ग्रामपंचायतीत, तहसीलमध्ये आणि नगररचना कार्यालयात फिरतो. प्रत्येक कागदावर एकच सही, आणि प्रत्येक सही आपापल्या जागी बरोबर असू शकते. अशा दोनशे बरोबर सह्या मिळून कॉरिडॉर बंद होतो. कोणीही तो बंद करायचं ठरवलेलं नसतं.

नदीकाठचंही तसंच. २००० मध्ये महाराष्ट्राने नदी नियमन क्षेत्राचं धोरण आणलं होतं. नद्यांचे वर्ग पाडले, कोणत्या नदीपासून किती अंतरावर कोणता उद्योग चालेल ते ठरवलं. २००९ मध्ये ते सुधारलं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झालं. त्यानंतर नदीकाठच्या बांधकामाला मुख्य आधार उरला तो पूररेषेचा आणि नगररचनेच्या नियमांचा. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हे स्पष्ट आहे. नदीच्या पाण्याच्या काठापासून १५ मीटर आणि नाल्यापासूनही ठरावीक अंतरापर्यंत बांधकाम नाही. पूररेषा आखलेली असेल तर निळ्या रेषेच्या आत घर नाही. बाग, हिरवळ, मोकळी जागा अशा थोड्या गोष्टी चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधायचं तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच बांधायचं.

अभयारण्याभोवतीच्या पट्ट्याला पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणतात. त्याच्या अधिसूचनेत साधारणपणे तीन याद्या असतात: बंदी असलेली कामं, परवानगीने चालणारी कामं आणि उत्तेजन द्यायची कामं. खाण, क्रशर, प्रदूषण करणारे कारखाने बंदीत. नवं व्यापारी हॉटेल, रिसॉर्ट हद्दीजवळ नाही. मात्र गावकऱ्याला स्वतःच्या जागेत स्वतःसाठी घर बांधायला मज्जाव नसतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण गावात जाऊन लोकांना उलटंच सांगितलं जातं, की वाघ आला म्हणजे तुमचं घर गेलं. त्या भीतीने शेतकरी स्वस्तात विकून मोकळा होतो आणि नंतर तिथे दुसऱ्याचं रिसॉर्ट उभं राहतं.

शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण रानडुकरं रात्रीतून बांधी लोळवतात, धानाच्या भावाचा भरवसा नाही, मुलगा पुण्याला नोकरीला. अशा वेळी नाल्याकाठच्या एकराला कोणी दहापट भाव दिला तर तो काय करेल? नियम गावाला विश्वासात घेऊन झाले, पीकनुकसानीची भरपाई वेळेवर मिळाली, पर्यटनाचा पैसा गावातच राहिला, तर तो शेतकरीच त्या नाल्याचा पहिला राखणदार असतो. त्यासाठी ग्रामसभा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची नोंदवही सांगितली आहे. तिथे नाला, झाड, सारसाचं घरटं लिहून ठेवता येतं. सारस म्हणजे आपल्या जिल्ह्याचं वैभव. महाराष्ट्रात तो उरला तो मुख्यतः इथल्याच तलाव-बांध्यांत. कागदावर लिहिलेल्या गोष्टीला सरकारी दरबारात वजन येतं, हे मी उभ्या नोकरीत पाहिलं.

पंचवीस वर्षांचं गणित

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा. लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोक म्हणतात, ‘शंभर वर्षांतून एकदा ना? मग आपल्याला काय त्याचं!’ इथे बसलेल्या दहावी-बारावीच्या मुलांनी घरी जाऊन हे गणित करून बघावं. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी चार टक्के शक्यता. मग आपल्या संस्थेसारख्या पंचवीस वर्षं उभ्या असलेल्या इमारतीने तो पूर एकदा तरी पाहण्याची शक्यता किती? सुमारे ६४ टक्के. आणि शंभर वर्षांचा म्हणतात तो पूर त्याच पंचवीस वर्षांत येण्याची शक्यता सुमारे २२ टक्के. म्हणजे रौप्यमहोत्सव साजरा करणाऱ्या दर पाच इमारतींतल्या एकीने तो बघितलेला असणार.

आणि हे नुसतं गणित नाही. ऑगस्ट २०२० ची अखेर आठवा. मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, वर पाऊस होताच, वैनगंगा चढली. खाली गोसेखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलं, आपल्या जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावांतून माणसं हलवावी लागली. करोनाच्या दिवसांत लोक शाळेच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिले. त्या वेळी आपल्यापैकी कित्येकांचे नातेवाईक तिकडे होते, त्यांना विचारा पूररेषा कशाला म्हणतात.

पूर अडवायचा म्हणून भिंती उंच करत गेलेल्या देशांनीही आता विचार बदलला आहे. नेदरलँड्स घ्या, पाण्याशी झगडून जमीन मिळवणारा देश. १९९३ आणि १९९५ मध्ये तिथे मोठे पूर आले, दुसऱ्या वेळी सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी तीसहून जास्त ठिकाणी नदीचे बांध मागे सरकवले, पात्र मोकळं केलं, नदीला तिची जागा परत दिली. त्यांनी पैसे खर्चून जागा परत मिळवली. आपल्याकडे ती अजून बरीचशी शिल्लक आहे, फक्त ती आपल्या सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून पडली आहे.

प्लॉट घेण्याआधी

आता जरा कामाचं बोलतो. नागझिरा, नवेगावच्या बाजूला ‘फार्महाऊस प्लॉट’ घ्यायचा विचार आपल्या संस्थेतल्याही काहींच्या मनात आहे. मला घरी येऊन विचारतात म्हणून सगळ्यांनाच सांगतो. घेऊ नका असं मी म्हणत नाही. घेण्याआधी एवढं बघा.

पहिलं, सातबाऱ्यावरचं पोटखराबाचं क्षेत्र आणि वर्ग वाचा. ‘ब’ वर्ग असेल तर तिथे नाला, रस्ता किंवा पाणी आहे असं धरून चला.

दुसरं, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते पाहा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे मंजुरी लागते. ‘नंतर करून देऊ’ या वाक्यावर पैसे देऊ नका.

तिसरं, तुकडेबंदी. आता जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ही किमान मर्यादा आहे. त्याहून लहान शेतीचा तुकडा मंजूर ले-आउटशिवाय कोणी विकत असेल तर तो तुम्हाला जमीन विकत नाही, डोकेदुखी विकतो.

चौथं, गट नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून काढा आणि नाल्याची रेघ शोधा. मग जागेवर जाऊन ती पावसाळ्यात बघा. उन्हाळ्यात सगळेच प्लॉट चांगले दिसतात. रोवणीच्या दिवसांत जाऊन चिखलात उभे राहा, मग कळेल.

पाचवं, पूररेषा आखली आहे का ते जलसंपदा विभागाकडे आणि जमीन कोणत्या झोनमध्ये आहे ते नगररचना कार्यालयात लेखी विचारा. अभयारण्याची हद्द किती दूर आणि बफर किंवा संवेदनशील क्षेत्रात गट नंबर आहे का, ते वनखात्याकडे विचारा.

सहावं आणि शेवटचं, शेजारच्या गावात जाऊन एका म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘भाऊ, इथून जनावर जातं का? पाणी कुठवर येतं?’ तो जे सांगेल ते कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतं. एकदा मोजणीच्या वेळी एका म्हाताऱ्याने मला धुऱ्यावर उभं राहून सांगितलं होतं, ‘साहेब, या नाल्याचा मालक वर्षातून चार महिने येतो. बाकीचे आठ महिने आम्ही फक्त राखण करतो.’ माझ्या सगळ्या नकाशांत इतकी नेमकी हद्द कोणी सांगितली नव्हती.

इतकं बघूनही नाल्यापासून योग्य अंतर सोडून घर बांधत असाल तर कुंपण तारेचं ठेवू नका, कडेची झाडं तोडू नका, आणि रात्री नाल्याच्या बाजूचे दिवे बंद ठेवा. नागझिऱ्याच्या जंगलातल्या विश्रामगृहांत वर्षानुवर्षं वीज नव्हती आणि लोक तिथे त्या काळोखासाठीच जात. तो काळोख विकत घ्यायला जायचं आणि पहिल्याच दिवशी हॅलोजन लावायचा, यात आपलंच नुकसान आहे.

आता आपला नाला

आपल्या इमारतीमागच्या नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग करावं, असा प्रस्ताव आहे. पार्किंगची अडचण खरी आहे. एका फ्लॅटमागे दोन गाड्या झाल्या, रविवारी पाहुणे आले की फाटकावर भांडणं होतात. प्रस्ताव मांडणारे माझे चांगले मित्र आहेत आणि त्यांचा हेतू संस्थेच्या सोयीचाच आहे.

तरी मी त्याच्या विरोधात मत देणार आहे आणि त्याची कारणं आज उघड सांगतो. मोजणीच्या नकाशात हा नाला आहे, म्हणजे ती आपली जागा नाही, ती पाण्याची जागा आहे. नियमाने काठापासून ठरावीक अंतर मोकळं सोडायचं आहे. स्लॅबखाली कचरा अडकला की साफ करायला माणूस उतरवावा लागेल, आणि कोणत्याही माणसाला असं उतरवणं आपल्या संस्थेला शोभणार नाही. तुंबलेलं पाणी आधी तळमजल्यावर येईल, जिथे आपले दोन वृद्ध सभासद राहतात. आणि शेवटचं कारण, हे पाणी पांगोलीकडे जातं आणि पुढे वैनगंगेला. आपल्या नळाला येणारं पाणी डांगोर्लीहून वैनगंगेचंच आहे. वैनगंगा पुढे वर्धेला मिळते, प्राणहिता होते, गोदावरीत जाते. एवढ्या मोठ्या नदीची सुरुवात कुठेतरी कोणाच्या इमारतीमागच्या नाल्यातूनच होत असते.

वाघ आपल्या नाल्यात येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण नागझिऱ्याजवळचा शेतकरी नाला बुजवतो तेव्हा आपण त्याला शहाणपण शिकवतो. शिकवायचं असेल तर आधी आपला नाला मोकळा हवा.

म्हणून माझा पर्यायी ठराव असा, आणि तो मी सचिवांकडे लेखी दिला आहे. एक, नाल्यावर बांधकाम करायचं नाही. दोन, काठावर टाकलेला जुना मलबा संस्थेच्या खर्चाने काढायचा आणि तिथे अर्जुन, जांभूळ, करंज लावायचे; रौप्यमहोत्सवाची २५ झाडं, एकेका कुटुंबाने एकेक दत्तक घ्यायचं. तीन, आपल्या सेप्टिक टाकीची गळती नाल्यात जाते का, हे तपासून दुरुस्त करायचं. चार, समोरच्या मोकळ्या जागेत गाड्यांची आखणी नव्याने करायची. मी परवा फीत घेऊन मोजलं. तिरप्या रेषा मारल्या तर सहा गाड्या जास्त बसतात. नकाशा काढून सूचना फलकावर लावला आहे, चुकतंय असं वाटलं तर जरूर दुरुस्त करा.

आणि माझ्याकडून एक. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी संस्थेच्या कार्यालयात बसेन. कोणाला सातबारा, गट नकाशा, विक्रीचा करार दाखवायचा असेल तर घेऊन या. चहा संस्थेचा, चष्मा माझा.

पुढच्या पंचवीस वर्षांनी संस्थेचा सुवर्णमहोत्सव होईल. तेव्हा मी नसेन, पण समोर सतरंजीवर बसलेली ही मुलं व्यासपीठावर असतील. त्या वेळी त्यांनी मागच्या खिडकीतून पाहावं आणि त्यांना वाहता नाला आणि मोठी झालेली अर्जुनाची झाडं दिसावीत, एवढी माझी या संस्थेकडून अपेक्षा आहे. ठरावावर मतदान सर्वसाधारण सभेत होईलच. सर्वांनी हजर राहावं.